पहिल्या रांगेत कोण बसणार?

शंकेखोर : यंदा तुमची संस्था विनोदी नाटक करणार असं कळलं आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. तालुक्याच्या गावातली हौशी संस्था वर्षाकाठी जेमतेम एक नाटक उभं करते. नोकऱ्या सांभाळून आलेली माणसं रात्री शाळेच्या हॉलमध्ये तालमी करणार, फ्लॅट आणि लेव्हल कुठून तरी उसने आणणार, स्पॉट आणि डिमर जिल्ह्याच्या गावाहून भाड्यानं. एवढा आटापिटा कशासाठी, तर लोकांना हसवण्यासाठी! हसायची सोय तर हल्ली प्रत्येकाच्या खिशात आहे. गावात दुसरी करमणूक नव्हती तेव्हा बबन प्रभूंचे फार्स गणपती उत्सवात धूमधडाक्यात झाले, ते ठीक होतं. आता त्याच नाटकांच्या मूळ प्रयोगांचं चित्रण लोकांनी दहादा पाहिलेलं असतं. ‘मोरूची मावशी’ घेतली की तुमच्या नटाला अत्र्यांची मावशी सापडत नाही, त्याला विजय चव्हाणांची मावशी करायची असते. नकलेची नक्कल. हौशी माणसाला तिकीटबारीची धास्ती नसते. व्यावसायिक मंडळींना जे परवडत नाही ते त्यानं करावं. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिच्यातून जे काही चांगलं निघालं ते असं धाडस करणाऱ्यांमुळे. तुम्ही मात्र सोपी वाट धरलीत.

हौशी : सोपी? तुम्ही एकदा तालमीला येऊन बसा. गंभीर नाटकात प्रेक्षागृह शांत असलं की नट समजतो, लोक भारावलेत. ते भारावलेत की पेंगलेत, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. विनोदी नाटकात असा आडोसा नसतो. वाक्य पडलं की पुढच्या क्षणाला निकाल. हशा आला तर त्याची लाट चढू द्यायची, ती उतरायला लागली की पुढचं वाक्य टाकायचं. घाई केली तर वाक्य हशात बुडतं, रेंगाळलं तर प्रवेश थंड पडतो. आणि हे दर प्रयोगाला वेगळं. म्हणजे नटाला स्वतःचं पाठांतर म्हणता म्हणता समोरच्या अंधाराकडे कान लावून ठेवावे लागतात. आमच्या मुलांना हे शिकवणारी दुसरी शाळा मला तरी माहीत नाही. मोबाइलवरच्या हशाला नटाची गरज नाही, नटाला त्या हशाचा उपयोग नाही.

आता स्पर्धेच्या धाडसाबद्दल. धाडसी नाटकं झाली, मान्य. पण ‘स्पर्धेचं नाटक’ म्हणून एक ठरीव प्रकारही तयार झाला, तो तुम्ही पाहिला आहे. निम्मा रंगमंच अंधारात, कुणीतरी पाठमोरं उभं, दर पाच मिनिटांनी किंकाळी, आणि प्रेक्षागृहात तीन परीक्षक अधिक पुढच्या संघातल्या नटांचे नातेवाईक. गाव कुठे असतो त्यात? देवलांनी ‘संशयकल्लोळ’ला हात घातला तेव्हा मोलिएरचं कथानक इंग्रजीतून फिरून त्यांच्याकडे आलं होतं. फाल्गुनराव मात्र असा उतरला की तो आपल्याच आळीत राहतो असं वाटावं. विनोदानं एवढं साधतं.

शंकेखोर : आळीत राहतो, हीच तर माझी पुढची हरकत. बँकेतला कॅशियर धोतर नेसून, मिशी लावून एंट्री घेतो आणि एक अक्षर बोलायच्या आधी हॉल हसून लोळतो. का हसले? नाटकातल्या पात्राला? छे! काल काउंटरवर ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणणारा माणूस आज धोतरात दिसला म्हणून हसले. हा ओळखीचा हशा आहे. नाटककाराचा त्यात काडीचा वाटा नाही, नटाचाही नाही. आणि हा फुकटचा हशा नटाला चटावतो. दुसऱ्या अंकापर्यंत तो पहिल्या रांगेतल्या मेव्हण्याला डोळा मारतो, तिसऱ्या अंकात पदरची वाक्यं घालायला लागतो. बाहेरगावच्या प्रयोगात तेच नाटक, तोच नट, आणि हॉल ढिम्म. तुमच्या विनोदाला गावची वेस ओलांडता येत नाही, याचा अर्थ तो विनोद नाटकात नव्हताच.

हौशी : वेशीचं म्हणाल तर ‘वस्त्रहरण’ आठवा. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं, मच्छिंद्र कांबळींनी १९८० पासून गाजवलेलं. कोकणातल्या एका गावातली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचं नाटक बसवतात, बस्स, एवढाच विषय. तुम्ही ज्याला ओळखीचा हशा म्हणता तोच त्या नाटकाचा कच्चा माल आहे. गावातला अमुक इसम धर्मराज झाला तरी अमुक इसमच राहतो, भूमिकेतून त्याची लुंगी डोकावत राहते. तेही मालवणीत, जी तोवर मुंबईच्या रंगमंचावर नोकराच्या तोंडी असायची. त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. पाहणारे सगळे काही मालवणचे नव्हते. माणूस आणि त्याचं सोंग यांच्यातली फट सगळ्यांना ओळखता येते, कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सोंगात वावरत असतो.

आणि पदरच्या वाक्यांची लाज का वाटावी? १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं गद्य भाषणं आयत्या वेळी स्वतःच रचून बोलायची. विदूषक तर त्यावरच जगायचा. तमाशातला सोंगाड्या ज्या गावात जाईल त्या गावचं काहीतरी उचलतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके रोजच्या बातम्या घालायचे आणि लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा यायचे. जवळीक हा दोष असेल तर आपली निम्मी रंगभूमी बाद करावी लागेल.

शंकेखोर : दादा कोंडक्यांचं नाव घेतलंत की सगळ्यांना मोकळीक मिळते, आणि घात तिथेच होतो. एक तर कायद्याची गोष्ट. आपल्याकडे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मंजूर संहितेबाहेरचं वाक्य बोललं की कागदोपत्री तो गुन्हाच. या पूर्वपरवानगीच्या पद्धतीविरुद्ध अमोल पालेकर २०१६ मध्ये उच्च न्यायालयात गेले. ती पद्धत मलाही पटत नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. मला तुमच्या पदरच्या वाक्यांची दिशा बघायची आहे. कुणाबद्दल असतात ती? बायको, सासू, जाडी बाई, तोतरा माणूस, खेड्यातून आलेल्याची बोली, काळा रंग. कधी उघड, कधी आडून, एखाद्याची जात. पाणी जसं उताराकडे वाहतं तसा हा विनोद खालीच वाहतो. ज्यांच्या देणगीचा फलक प्रवेशद्वारावर लागलेला असतो त्यांच्याबद्दल एक वाक्य पदरचं घातलेलं मला दाखवा. ‘विच्छा’त राजा, प्रधान, कोतवाल यांचीच रेवडी उडते, म्हणजे सबनिसांनी मुळातच विनोदाची धार वरच्या बाजूला लावून दिली होती. तुम्ही कोंडक्यांची मुभा घेता आणि सबनिसांची धार सोडून देता.

हौशी : ही हरकत मी बिनशर्त घेतो, आणि म्हणूनच आम्ही फार्स सोडून ‘अंमलदार’ निवडलं. पु. लं.नी गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरून १९५२ साली केलेलं. वारसांची परवानगी आणि मानधन हे सगळं रीतसर करूनच. मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आडगावात वार्ता येते की राजधानीहून तपासणी अधिकारी येतोय, तोही गुप्तपणे. खानावळीत उधारीवर अडकून पडलेल्या एका उडाणटप्पू कारकुनाला गावचे अधिकारी तो अधिकारी समजतात आणि त्याच्या खिशात नोटा कोंबतात. गोगोलची पात्रं बघा. न्यायाधीश लाच म्हणून पैसे घेत नाही, शिकारी कुत्र्यांची पिल्लं घेतो आणि त्यामुळे स्वतःला स्वच्छ समजतो. पोस्टमास्तर निव्वळ कुतूहलापोटी लोकांची पत्रं फोडतो. दवाखान्याचा व्यवस्थापक महागडी औषधं वापरत नाही, कारण माणूस मरायचा असेल तर मरेल आणि बरा व्हायचा असेल तर होईलच. अधिकारी येणार म्हटल्यावर रोग्यांना स्वच्छ टोप्या घालायची धावपळ. यात मला पदरचं एकही वाक्य घालायची गरज पडणार नाही. टोप्यांचा उल्लेख आला की हॉलमधला प्रत्येक माणूस स्वतःच्या मनात आपल्या गावच्या दवाखान्याचं नाव घालून घेईल. ती भर मंडळाला तपासता येत नाही.

शंकेखोर : निवड चांगली आहे. पण याच नाटकाचा इतिहास तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. १८३६ साली पीटर्सबर्गला पहिला प्रयोग झाला तो झार पहिल्या निकोलसच्या मेहेरबानीनं. सेन्सॉरच्या कचाट्यातून त्याच्या शब्दानंच नाटक सुटलं. तो स्वतः प्रयोगाला आला, खळखळून हसला. म्हणजे साऱ्या लाचखाऊ कारभाराच्या शिखरावर बसलेला माणूस टाळ्या वाजवतोय! त्यानं काय बिघडलं? कारभार होता तसाच चालला. हसणं म्हणजे माफी असते, असं मला वाटू लागलंय. ज्या माणसाला आपण हसलो त्याच्यावर दुसऱ्या दिवशी चिडता येत नाही. तुमच्या प्रयोगाला गावातले अधिकारी येतील, पोटभर हसतील, ‘काय पकडलंय हो!’ म्हणून पाठ थोपटतील, आणि आपण त्या लाच घेणाऱ्यांतले नाही अशी खात्री बाळगत घरी जातील. गंभीर नाटकानं निदान त्यांना अस्वस्थ केलं असतं. शिवाय तुमचे नट कोण? एक जण पंचायत समितीत, एक तलाठी, दोन शिक्षक, एक पोस्टात. सोमवारी सकाळी त्यांना त्याच साहेबांपुढे फाइल घेऊन उभं राहायचंय. ते काय धार लावणार?

हौशी : त्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ. झार हसला, पण गोगोल काही खूश झाला नाही. नटांनी नाटक हलक्याफुलक्या करमणुकीच्या वळणानं केलं, पात्रांची विदूषकी केली, म्हणून तो खचला, आणि अधिकाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळेच आपल्यावर उठलेत अशी तक्रार करत त्याच वर्षी रशिया सोडून गेला. नटांसाठी त्यानं बजावून ठेवलंय की व्यंगचित्र करू नका. हसवायचा विचार नट जितका कमी करेल तितकं हसू जास्त येईल. आमच्या तालमीतला सगळा झगडा या एका सूचनेशी आहे. गोगोलच्या नगरप्रमुखाला स्वतःचं काही चुकतंय असं वाटतच नाही. देवाला भितो, पोरीबाळींची काळजी करतो, आणि हाती आलेलं सोडत नाही, कारण कुणीच सोडत नाही.

तुम्ही म्हणता सरकारी नोकर नट ही अडचण. मी म्हणतो, दुसऱ्या कुठल्या कंपनीला असं भाग्य लाभत नाही. फाइलीवर वजन कसं ठेवलं जातं हे मुंबईच्या नटाला दिग्दर्शक शिकवतो. आमच्या माणसानं ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. पैसे घेताना माणूस कुठे बघतो हे त्याला ठाऊक आहे. तो समोरच्याकडे बघत नाही आणि पैशांकडेही बघत नाही. त्या वेळी तो पंख्याकडे बघत असतो. आता हाच माणूस दोन महिने रोज रात्री त्या भूमिकेच्या बाजूनं विचार करतो, तिचं समर्थन शोधतो, कारण समर्थन सापडल्याशिवाय ती उभी राहत नाही. एक दिवस त्याला ते समर्थन फार सहज सापडतं. त्या दिवशी तालमीत कुणी हसत नाही. प्रेक्षकांचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण नटाचं काहीतरी होतं हे मी पाहिलंय.

शंकेखोर : नटाचं पटलं. पण नाटक नटासाठी करायचं असेल तर प्रयोग कशाला लावता? तालमीच करत राहा. मला प्रेक्षक हवा आहे. गोगोलचा शेवट तुम्ही करणार का? खरा तपासणी अधिकारी दाराशी आल्याची वर्दी येते, सगळी पात्रं जागच्या जागी थिजतात, आणि त्याची सूचना अशी की ही थिजलेली अवस्था जवळजवळ दीड मिनिट टिकवायची. रंगमंचावर दीड मिनिट म्हणजे युग. तो क्षण असा आहे की हशा आपोआप आटतो आणि हसणाऱ्याला आपण उघड्यावर पडलो असं वाटू लागतं. आपल्या हॉलमध्ये काय होईल? दहाव्या सेकंदाला पडदेवाल्याला वाटेल नाटक संपलं. विसाव्याला मोबाइल वाजेल. तिसाव्याला कुणीतरी ‘वा!’ म्हणून टाळी देईल आणि सुटका होईल सगळ्यांची.

आणि त्याच्याही आधीचं सांगतो. मध्यंतर. मध्यंतरात सत्कार असतो. प्रमुख पाहुणे रंगमंचावर, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, त्यात कलेला आपला सदैव पाठिंबा राहील हे वाक्य. म्हणजे पहिल्या अंकात तुम्ही अधिकाऱ्याची खिल्ली उडवणार, मध्यंतरात त्याच अधिकाऱ्याला त्याच नेपथ्यात उभं करून शाल घालणार, आणि दुसऱ्या अंकात पुन्हा खिल्ली. गोगोलला हा प्रवेश सुचला असता तर त्यानं तो नाटकातच घेतला असता.

हौशी : या प्रवेशावर मलाही हसू आलं, आणि आलं म्हणूनच उत्तर देणं अवघड आहे. हॉलचं भाडं, प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा, मानधन. देणगी प्रवेशिका सगळ्या खपल्या तरी हा खर्च निघत नाही. शाल हा त्या तुटीचा हप्ता आहे. तुम्ही सांगाल, पाहुण्यांना बोलवू नका. बरं, नाही बोलावलं. मग आम्ही काय केलं? ज्यांच्याबद्दल नाटक आहे ते हॉलमध्ये नाहीत आणि उरलेले सगळे मिळून हसतोय. हे तर रोज चहाच्या टपरीवर चालतं. त्याला नेपथ्य लागत नाही. पाठीमागे हसणं ही नालस्ती. विनोदी नाटक तेव्हाच होतं, जेव्हा ज्याच्यावर हसायचं तो त्याच छपराखाली, त्याच अंधारात बसलेला असतो आणि शेजारचा हसताना त्याला ऐकू येतो. गंमत बघा, मघाशी तुम्ही सांगत होतात की पहिल्या रांगेमुळे धार जाते. आता मी म्हणतोय की पहिली रांग रिकामी असेल तर धार लावायची कुणासाठी?

शंकेखोर : मग त्यांना बसवा, पण तिकीट काढून. शाल नाही, राखीव खुर्ची नाही, मनोगत नाही. प्रेक्षक म्हणून या.

हौशी : येतील का? समजा आले. तरी एक गोष्ट मला टोचते. आपण दोघंही पहिल्या रांगेवर इतके खिळलोय की बाकीच्या पंधरा रांगा सुटल्यासारख्या झाल्या. गोगोलनं त्यांना सोडलेलं नाही. त्याचे व्यापारी तक्रार घेऊन येतात, आणि येताना साखर आणि दारू घेऊन येतात. लुबाडले गेलेले तेच आणि लाच देणारेही तेच. शेवटी नगरप्रमुख वळतो तो सरळ प्रेक्षागृहाकडे, आणि विचारतो की तुम्ही हसताय ते नक्की कुणाला. हा प्रश्न नंतरच्या आवृत्तीत आला, पहिल्या प्रयोगाचा अनुभव पचवून झाल्यावर. पाचव्या रांगेत असा माणूस असेल ज्यानं फेरफार लवकर नोंदवावा म्हणून पाकीट दिलंय. आठव्या रांगेत पोराच्या प्रवेशासाठी चिठ्ठी आणणारा. आमच्या संस्थेचा कार्यवाह, जो हॉलची तारीख ओळखीनं मिळवतो, तो विंगेत उभा असेल. मीही तिथेच असेन. साहेबांवर हसणं सगळ्यांना सोयीचं आहे, कारण त्यामुळे साहेब एकटे दोषी ठरतात.

शंकेखोर : आता तुम्ही माझ्यापेक्षा कडक झालात! पण यामुळे माझी मूळ शंका नाहीशी होत नाही, जागा बदलते. सुरुवातीला मला वाटत होतं की विनोद हलका आहे म्हणून तो कुणाला लागणार नाही. आता वाटतं, लागेल एवढं वजन या नाटकात आहे, पण तुमच्या गावात तो लागू दिला जाणार नाही, कारण तुम्ही सगळे एकमेकांचे आहात. मुंबईचा प्रेक्षक नाटक पाहून लोकल पकडतो, नटाशी त्याची पुन्हा गाठ नाही. इथे नगरप्रमुख झालेला माणूस उद्या सकाळी मंडईत भेटतो आणि म्हणतो, ‘कसं झालं?’ मग तुम्ही म्हणता, ‘फार हसवलंत हो.’ आणि संपलं. ज्या जवळिकीवर तुमचा हशा उभा आहे, तीच जवळीक तो हशा जिरवून टाकते.

हौशी : किंवा तीच तो जिरू देत नाही. हेही शक्य आहे. लोकल पकडून गेलेल्या प्रेक्षकाला प्रश्न आठवण्याचं काही कारण उरत नाही. इथे तो पोस्टात गेला की समोर तोच नट, तलाठी कार्यालयात गेला की तोच नट. पुढच्या वेळी पाकीट काढताना दोघांनाही तो प्रवेश आठवेल. त्यावर ते हसतील आणि व्यवहार पुरा करतील, की हसतील आणि पाकीट परत खिशात जाईल, हे मला सांगता येत नाही. गोगोललाही आलं नाही. त्यानं त्या प्रयोगानंतर एक छोटंसं नाटुकलं लिहिलं, ज्यात नवी सुखात्मिका पाहून बाहेर पडणारे बिननावाचे प्रेक्षक आपापली मतं देत जातात, आणि नाटककार कोपऱ्यात उभा राहून ऐकतो. शेवटी त्याचं म्हणणं असं की आपल्या नाटकात एकच प्रामाणिक पात्र होतं आणि ते कुणालाच दिसलं नाही : ते पात्र म्हणजे हसू.

शंकेखोर : हसू प्रामाणिक असेल. हसणाऱ्याबद्दल त्यानं हमी दिलेली नाही. आता व्यवहाराचं बोला. शाल घालणार की नाही?

हौशी : परवाच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, शाल घातली नाही तर पुढच्या वर्षी हॉल मिळणार नाही आणि संस्था बंद पडेल. बंद पडलेल्या संस्थेच्या धारेचा कुणाला उपयोग? दुसरा म्हणतो, शाल घालून प्रयोग केला तर यंदा नाटक झालंच नाही असं समजा, मग पुढच्या वर्षी हॉल हवा कशाला? दोन्ही बाजूंना मी मनातल्या मनात हात वर केला.

शंकेखोर : तुमची संस्था तोडगा काढेल, मला माहीत आहे. शाल मध्यंतराऐवजी नाटक सुरू होण्यापूर्वी घालाल, आणि सगळ्यांना वाटेल प्रश्न सुटला.

हौशी : तसा ठराव आलाय. मंजूर होईल असं दिसतंय. त्यावर एकानं विचारलं की हा ठराव करताना आपण नाटकाच्या बाहेर होतो की आत, तेव्हा सगळे हसले, आणि अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.